दर्प आणि दरवळ : ‘कुरोस’विषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात पुरुषांच्या जुन्या परफ्यूमविषयी लिहिताना इव्ह सें लोराँ या फ्रेंच फॅशन पेढीच्या ‘कुरोस’चा उल्लेख एका वाक्यात आला होता. आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे नेमकी त्या एका वाक्यावर होती, आणि त्यांतली निम्मी प्रेमाची तर निम्मी तक्रारीची होती. त्यामुळे या वेळचे सदर त्या एकाच परफ्यूमला दिले आहे.

प्रश्न : वडिलांच्या कपाटात ‘कुरोस’ची अर्धी भरलेली पांढरी बाटली सापडली. मनगटावर फवारा मारला तेव्हा आधी उंची साबणाचा स्वच्छ वास आला, आणि दहा मिनिटांत त्याखालून असे काही वर आले की मी हात धुऊन टाकला. माझ्या पत्नीला मात्र तोच वास आवडला. परफ्यूम बिघडला आहे, की तो मुळातच असा आहे?

उत्तर : तो मुळातच असा आहे. आपल्याला जे दोन वास एकापाठोपाठ आले, ते दोन्ही रचणाऱ्याने समजून-उमजून तिथे ठेवलेले आहेत, आणि ‘कुरोस’ची सगळी ओळख त्या दोघांच्या शेजारात आहे.

पिएर बुर्दों या फ्रेंच सुगंधकाराने हा परफ्यूम रचला आणि तो १९८१ साली बाजारात आला. त्याने वापरलेला साचा जुनाच होता. उबिगाँ या फ्रेंच पेढीसाठी पॉल पार्के यांनी १८८२ च्या सुमारास ‘फुजेर रोयाल’ नावाचा परफ्यूम केला, आणि त्यावरून ‘फुजेर’ हे सुगंधांचे घराणेच सुरू झाले. लॅव्हेंडर, ओकमॉस नावाचे झाडावर वाढणारे, दगडफुलाच्या जातीचे शैवाक आणि वाळलेल्या गवताचा गोडसर वास देणारे कूमरिन हे त्या घराण्याचे तीन खांब. यातले कूमरिन विल्यम पर्किन यांनी १८६८ मध्ये प्रयोगशाळेत तयार करून दाखवले होते, म्हणून ते मुबलक वापरणे शक्य झाले. फुजेर म्हणजे नेचे. नेच्याला स्वतःचा म्हणावा असा वास जवळजवळ नसतोच, त्यामुळे हे घराणे पहिल्यापासून कल्पनेतल्या वासावर उभे आहे. पुढे दाढीचे साबण, टाल्कम पावडरी आणि केशकर्तनालयातली लोशने याच साच्यातून निघत गेली, आणि फुजेर म्हटले की नुकताच दाढी-अंघोळ उरकलेला पुरुष डोळ्यांसमोर यावा अशी नाकांना सवय लागली.

बुर्दों यांनी ही सवयच हाती धरली. वरच्या थरात अल्डिहाइड नावाच्या रसायनांची साबणासारखी चमक, बर्गमोटचा लिंबूवर्गीय ताजेपणा, धणे, क्लॅरी सेज आणि दवण्याच्या कुळातली कडसर वनस्पती आहे. त्याखाली लवंग आणि जिरेनियम येतात. इथपर्यंत सारे सभ्य आहे. मग मध येतो, आणि मधाबरोबर जवादी मांजराच्या स्रावाची आठवण देणारा प्राणिज वास, कस्तुरीच्या जातीची द्रव्ये, चामडे, पाच, वाळा आणि ओकमॉस. मधाच्या वासाची एक खोड इथे सांगायला हवी. मधाचा भास देणारे फेनिलअसेटिक आम्ल अगदी विरळ असताना गोड आणि फुलांसारखे वाटते. त्याचे प्रमाण वाढले की त्यातच तबेल्याची आणि मूत्राची झाक उमटू लागते. ‘कुरोस’ला नावे ठेवणारे सार्वजनिक मुतारीचा उल्लेख करतात, तो निव्वळ खोडसाळपणा नव्हे. मध आणि प्राणिज द्रव्ये एकत्र आली की नाकाला तो धागा खरोखरच सापडतो.

आपण हात धुतलात, म्हणून पुढचा भाग आपल्यापर्यंत पोहोचला नाही. कागदाच्या पट्टीवर एकच फवारा मारून मी हा परफ्यूम अनेकदा दिवसभर शेजारी ठेवला आहे. पहिल्या पाच मिनिटांत पांढरा, जवळजवळ इस्त्री केल्यासारखा वास येतो. अर्ध्या तासाने पट्टी नाकाशी नेली तर ऊबदार, किंचित ओशट, माणसाच्या मानेजवळ यावा तसा वास येतो, आणि तीच पट्टी हातभर लांब धरली तर पुन्हा साबण. म्हणजे स्वच्छ वास जाऊन प्राणिज वास आला असे घडत नाही; दोन्ही एकाच वेळी हजर असतात आणि आपण किती जवळ आहोत यावर कोणता ऐकू येतो ते ठरते. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टीवर मध, धूप आणि सुकलेले ओकमॉस एवढेच मंदपणे उरते, आणि ते विलक्षण सुंदर असते.

आपल्या भाषेत ‘दर्प’ या एकाच शब्दाने उग्र वासही सांगितला जातो आणि ताठाही. ‘कुरोस’चे वर्णन करताना मला याहून नेमका शब्द सापडलेला नाही, कारण त्यात दोन्ही अर्थांनी दर्प आहे. नुसता मोठ्या आवाजाचा परफ्यूम करणे अवघड नसते. अंग स्वच्छ झाले तरी ते अंगच राहते, हे बाटलीतून सांगायला छाती लागते.

पत्नीला वास आवडला आणि आपल्याला नाही, यातही नवल नाही. माणसाच्या नाकात गंध ओळखणारे सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक असतात आणि ते सगळ्यांमध्ये तंतोतंत सारखे नसतात. कस्तुरीच्या जातीची काही द्रव्ये तर पुष्कळ लोकांना अजिबातच जाणवत नाहीत. एकाच बाटलीतून दोघांना खरोखरच दोन वेगळे वास येऊ शकतात.

प्रश्न : ‘कुरोस’ या शब्दाचा अर्थ काय? आणि त्या काळी हे नाव धाडसाचे मानले गेले का?

उत्तर : कुरोस म्हणजे प्राचीन ग्रीकमध्ये तरुण मुलगा. कलेच्या इतिहासात हा शब्द इसवी सनापूर्वी सातव्या ते पाचव्या शतकांतल्या एका विशिष्ट प्रकारच्या शिल्पासाठी वापरतात : उभा, समोर पाहणारा नग्न युवक, दोन्ही हात अंगालगत, डावा पाय किंचित पुढे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात इ.स.पू. ५९० ते ५८० च्या सुमाराचा असा एक संगमरवरी कुरोस आहे. त्याच्याकडे पाहिले की जाणवते, त्याला लपवायचेही काही नाही आणि मिरवायचेही काही नाही. तो केवळ उभा आहे.

परफ्यूमच्या शुभ्र बाटलीत तो संगमरवर आहे. मात्र एक तपशील मला नेहमी अर्थपूर्ण वाटत आला आहे. हे पुतळे घडवले गेले तेव्हा पांढरे नव्हते. त्यांचे केस, डोळे, ओठ रंगवलेले असत. काळाच्या ओघात रंग झडून गेला आणि शुभ्रता मागे राहिली. बाहेरून शुभ्र आणि आत शरीराचा रंग, हे नाते बाटलीला आणि तिच्यातल्या द्रवाला आपोआप लागू पडते.

धाडसाविषयी म्हणाल, तर या पेढीला धाडस नवे नव्हते. १९७१ मध्ये तिच्या पहिल्या पुरुषी परफ्यूमच्या जाहिरातीसाठी स्वतः इव्ह सें लोराँ नग्नावस्थेत बसले होते आणि ते छायाचित्र जाँलू सीफ यांनी टिपले होते. १९७७ मध्ये स्त्रियांच्या परफ्यूमला त्यांनी ‘ओपियम’, म्हणजे अफू, हे नाव दिले आणि त्यावरून मोठा वाद झाला. त्यांच्या मानाने ग्रीक युवकाचे नाव सोज्वळच म्हणायचे. योगायोग असा की १९८१ मध्येच शनेलने ‘अँटियस’ आणला. जाक पोल्ज यांची ती रचना, आणि नाव पुन्हा ग्रीकच, धरतीच्या पोटी जन्मलेल्या राक्षसाचे. त्यातही चामड्याची आणि प्राणिज वासाची बाजू भक्कम आहे, पण ‘अँटियस’ काळोखा आहे आणि ‘कुरोस’ लख्ख उजेडात उभा आहे. मला त्यातले दुसरे अधिक अवघड वाटते.

प्रश्न : यात खरोखर प्राण्याचा स्राव असतो का? तसे असेल तर मला तो वापरायचा नाही.

उत्तर : आपला आग्रह रास्त आहे. जवादी मांजराच्या शेपटीखालच्या ग्रंथीतून मिळणारा लोण्यासारखा स्राव शतकानुशतके सुगंधांत वापरला गेला. आफ्रिकेत, विशेषतः इथिओपियात, त्यासाठी ही जनावरे पिंजऱ्यांत ठेवत आणि ग्रंथी खरवडून स्राव काढत. त्या वागणुकीला असलेला विरोध आणि नैसर्गिक मालाची किंमत, या दोन्ही कारणांनी मोठ्या कंपन्या कृत्रिम द्रव्यांकडे वळल्या. या स्रावातला मुख्य घटक सिव्हेटोन. त्याची रचना लेओपोल्ड रुझिच्का यांनी १९२६ मध्ये उलगडली आणि पुढे १९३९ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे तोच वास जनावराला हात न लावता घडवण्याची वाट ‘कुरोस’च्या पुष्कळ आधी मोकळी झाली होती. जुन्या बाटल्यांतला प्रत्येक थेंब कशाचा होता, हे बाहेरच्या माणसाला लेबलावरून कळत नाही, कारण लेबलावर सुगंधाचे बहुतेक घटक एका शब्दात गुंडाळलेले असतात. आपला निश्चय पक्का असेल तर जुनी बाटली घेऊ नये आणि आजच्या मालाविषयी कंपनीला लेखी विचारावे.

प्रश्न : मी १९८० च्या दशकात ‘कुरोस’ वापरत असे. अलीकडे नवी बाटली घेतली, आणि त्यात तो जुना ‘कुरोस’ मला भेटला नाही. हा माझ्या वयाचा दोष की कंपनीचा?

उत्तर : आपल्या नाकावर विश्वास ठेवा. वयाप्रमाणे घ्राणशक्ती कमी होते हे खरे असले, तरी परफ्यूम बदलला आहे हेही खरे आहे.

सगळ्यात मोठे कारण ओकमॉस. या शैवाकाच्या अर्कात अ‍ॅट्रॅनॉल आणि क्लोरोअ‍ॅट्रॅनॉल ही दोन द्रव्ये असतात आणि काही लोकांना त्यांची तीव्र त्वचाअ‍ॅलर्जी होते. सुगंध उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, म्हणजे १९७३ मध्ये स्थापन झालेल्या इफ्राने, आधी अर्काच्या प्रमाणावर मर्यादा घातली. पुढे युरोपीय संघाने २०१७ च्या नियमाने ही दोन द्रव्येच सौंदर्यप्रसाधनांतून हद्दपार केली आणि २०२१ पर्यंत दुकानांतला जुना मालही काढायला लावला. आज ओकमॉस वापरता येते, पण त्यातून ती द्रव्ये काढलेली असावी लागतात. या नियमांवर चिडणारे चाहते मला पुष्कळ भेटतात. मी त्यांच्याशी सहमत नाही. ज्याच्या मानेवर महिनाभर पुरळ राहिले आहे, त्याचा त्रास एखाद्या सुगंधाच्या आठवणीपेक्षा मोठा आहे. पण नुकसान झाले हे नाकारता येत नाही. ओकमॉस हे ‘कुरोस’मध्ये जमिनीचे काम करत होते, साबण आणि प्राणी या दोघांना ते एका ओलसर, कडवट मातीवर उभे करत असे. ती जमीन पातळ झाली की वरचे दोघे परस्परांपासून सुटे पडतात. नवी बाटली मला स्वच्छ, थोडी तीक्ष्ण आणि लवकर थकणारी वाटते. मध मात्र तिच्यात अजून ओळखू येतो.

आपल्याकडे जुने खोके उरले असेल, तर त्याचा काळ ताडता येतो. ‘चार्ल्स ऑफ द रिट्झ’ हे, त्या काळी या पेढीचे परफ्यूम काढणाऱ्या कंपनीचे, नाव असेल तर बाटली सहसा सुरुवातीच्या वर्षांतली. १९९३ मध्ये ही पेढी सानोफीकडे गेली, १९९९ मध्ये गुची समूहाकडे आणि २००८ मध्ये तिचा सुगंध विभाग लोरेआलकडे, तेव्हा खोक्यावरचे कंपनीचे नाव बरेच काही सांगून जाते. शिवाय २००५ पासून युरोपात २६ अ‍ॅलर्जीकारक घटकांची नावे खोक्यावर छापणे बंधनकारक झाले. तुमच्या खोक्यावर तशी लांब यादी नसेल, तर ते बहुधा त्याआधीचे आहे.

प्रश्न : इतका गाजलेला परफ्यूम असूनही त्याच्यासारखे दुसरे परफ्यूम का दिसत नाहीत? मग त्याचा वारसा तो कोणता?

उत्तर : हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडला, कारण त्याचे उत्तर एकाच माणसाच्या कारकिर्दीत दडलेले आहे.

पिएर बुर्दों हे एदमों रुदनित्स्का यांच्या हाताखाली घडले. रुदनित्स्का म्हणजे १९५६ चा ‘दियोरिसिमो’ आणि १९६६ चा ‘ओ सोव्हाज’ रचणारे. मोजकी द्रव्ये घ्यायची, त्यांच्यात हवा खेळती ठेवायची आणि प्रत्येक द्रव्याला कारण असले पाहिजे, ही त्यांची शिस्त. ‘कुरोस’मध्ये द्रव्ये मोजकी नाहीत, पण शिस्त तीच आहे. इतकी जड सामग्री असूनही तो चिखल होत नाही.

त्याच बुर्दों यांनी सात वर्षांनी, १९८८ मध्ये, डेव्हिडॉफसाठी ‘कूल वॉटर’ रचला. त्याआधी १९८२ च्या ‘द्राकार न्वार’ने डायहायड्रोमिर्सेनॉल हे थंडगार, धातूसारखे, धुतल्या कपड्यांची आठवण देणारे द्रव्य मोठ्या प्रमाणात वापरून रस्ता दाखवला होता, ‘कूल वॉटर’ने त्या रस्त्यावर सगळ्या पिढीला नेले. पुढे १९९४ चा ‘सीके वन’ आणि १९९६ चा ‘अक्वा दी जो’ आला, पुरुषांचा सुगंध म्हणजे पाणी, वारा आणि स्वच्छ टॉवेल असे समीकरण झाले, आणि अंगाचा वास त्यातून बाहेर गेला. ज्याने अंग सर्वांत निर्भीडपणे बाटलीत आणले, त्याच्याच हातून ते पुसलेही गेले. मला यात विसंगती दिसत नाही. ‘कुरोस’चा वरचा पांढरा थर वेगळा काढून त्याला समुद्रकिनारी नेले, तर ‘कूल वॉटर’च्या बऱ्याच जवळ पोहोचता येते. बुर्दों यांना स्वच्छतेचा वास इतक्या बारकाईने ठाऊक होता म्हणूनच त्याखाली काय ठेवले तर तो जिवंत होतो, हेही ठाऊक होते.

नकला झाल्या त्या ‘कूल वॉटर’च्या, आणि त्या अगणित झाल्या. ‘कुरोस’ची नक्कल करणे व्यापाराच्या दृष्टीने धोक्याचे होते; ज्याला अर्धे गिऱ्हाईक नाक मुरडून परत करणार, तो साचा कोण उचलेल? खुद्द पेढीनेही १९९३ मध्ये ‘कुरोस फ्रेशेर’ आणि २००० मध्ये आनिक मेनार्दो यांचा ‘बॉडी कुरोस’ काढला. यातला दुसरा परफ्यूम निलगिरी, धूप आणि राळेसारख्या बाल्समी गोडव्याचा, स्वतंत्रपणे पाहिला तर फार चांगला परफ्यूम आहे. परंतु दोघांनीही नाव घेतले आणि जनावर बाहेर ठेवले.

त्याची खरी वाट छोट्या, निवडक पेढ्यांमधून गेली. १९९८ मध्ये सर्ज ल्युतेन्ससाठी ख्रिस्तोफर शेल्ड्रेक यांनी ‘मस्क कुब्लाई खान’ केला, ज्यात अंगाची ऊब कोणत्याही संकोचाविना मध्यभागी आहे. त्याआधी, १९९२ च्या ‘फेमिनिते द्यु ब्वा’वर हेच शेल्ड्रेक आणि बुर्दों एकत्र काम करत होते. ‘कुरोस’चा वारसा म्हणून मी याच गोष्टीकडे बोट दाखवेन. सारखा वास असलेली भावंडे त्याला फारशी नाहीत, पण अंगाचा वास हा सुगंधाचा विषय होऊ शकतो, तोही पुरुषाच्या आणि तोही दुकानाच्या दर्शनी फळीवर, ही मुभा त्याने मिळवून दिली.

प्रश्न : कचेरीत वापरावा का?

उत्तर : बंद खोलीत, शेजारी बसणाऱ्याला विचारल्याशिवाय, नको. वापरायचाच असेल तर सदऱ्याच्या आत, छातीवर एकच फवारा मारावा, आणि तोही घराबाहेर पडण्याच्या तासभर आधी. लावणाऱ्याचे नाक थोड्याच वेळात या वासाला सरावते आणि त्याला वाटते की परफ्यूम उडून गेला. तिथेच दुसऱ्या फवाऱ्याची चूक होते. इतरांसाठी तो मुळीच उडालेला नसतो.

प्रश्न : जुनी बाटली नीट आहे की नाही, हे कसे ओळखावे? आणि ती कशी ठेवावी?

उत्तर : द्रवाचा रंग गडद झाला म्हणून घाबरू नये, तेवढ्यावरून काही ठरत नाही. बरीच वर्षे न वापरलेल्या बाटलीच्या नळीत जो द्रव अडकून राहिलेला असतो तो शिळा असतो, म्हणून पहिले दोन फवारे कागदावर मारून टाकून द्यावेत. तिसरा फवारा कोऱ्या पट्टीवर घ्यावा. लिंबूवर्गीय द्रव्ये सर्वांत आधी बिघडतात, त्यामुळे सुरुवातीला नखांचा रंग पुसण्याच्या द्रवासारखा किंवा आंबूस वास आला तरी वीस मिनिटे थांबावे. त्यानंतर मध, लवंग आणि साबण जागेवर सापडले, तर बाटली उत्तम आहे; वीस मिनिटांनंतरही आंबूसपणाच वरचढ असेल, तर ती गेली.

परफ्यूमचे शत्रू तीन : उजेड, उष्णता आणि हवा. व्हर्सायमधल्या ऑस्मोतेक या १९९० पासूनच्या सुगंधसंग्रहालयात जुन्या रचना १२ अंश सेल्सिअस तापमानाला, अंधारात आणि बाटलीतल्या मोकळ्या जागी आरगॉन वायू भरून ठेवतात. घरी इतके करण्याची गरज नाही. बाटली मूळ खोक्यात, उभी, कपाटाच्या आतल्या बाजूला ठेवावी. न्हाणीघरात कधीही ठेवू नये, कारण तिथली रोजची वाफ आणि तापमानाचे चढउतार तिला सर्वांत लवकर संपवतात. आणि द्रव अर्ध्याखाली गेला असेल तर मात्र ती जपत बसू नका. वरची हवा आपले काम करतच राहते, तेव्हा ती वापरून टाका.